नमाजच्या खोलीतली फ्रेम

दोहा, शुक्रवार

अम्मी, अस्सलामु अलैकुम.

मी बरा आहे, जेवणखाण वेळेवर होतं, ही काळजी आधी सोडून दे. तुझा गुडघा कसा आहे? बुशरा डॉक्टरकडे घेऊन गेली का, की माझी बहीण फोनवर नुसतं हो हो म्हणतेय?

शेजारचा बिलाल सुट्टीवर महाडला येतोय, त्याच्या हाती फोटोंची डिजिटल फ्रेम पाठवतोय. पुराच्या पाण्यात आपला अल्बम गेला तेव्हापासून मनात होतं. तीन शुक्रवार दुकानं फिरलो. सुट्टी तेवढीच, आणि हल्ली पाय लवकर भरून येतात.

एक फ्रेम माणसाची चाहूल लागली की आपोआप चालू व्हायची. दुकानदार मागेच लागला. पण तू त्याच खोलीत नमाज पढतेस, तिथे तुला तसबीर चालत नाही. सजद्यातून उठलीस की समोर आम्ही सगळे! म्हणून साधी घेतली. मागचं बटण दाबलंस की काच काळी होते.

अब्बांचा फोटो सलीमचाचांच्या जुन्या कागदांत सापडला, दोघं पहिल्यांदा सौदीला निघाले तेव्हाचा. तो पहिला लावलाय. त्याच्या पाठोपाठ माझा, गेल्या आठवड्यातला. त्यात थकलेला वाटेन, पण तिथे उजेडच कमी होता.

अब्बा त्या फोटोत चौतीस वर्षांचे आहेत. चष्मा लावून बघ, अम्मी, गोंधळू नकोस. पांढऱ्या दाढीचा आहे तो मी.

तुझ्या दुआंच्या भरवशावर,
मुराद