अर्ध्या कॉम्प्युटरची अट

४ एप्रिल

झाली! कॉम्प्युटरचीही वाटणी झाली!

विहिरीचे वार ठरले, माजघरात भिंत आली, फणस एक वर्ष तिचा एक वर्ष माझा — तेव्हा मी हूं की चूं केलं नाही. वाटलं, धंदा तरी एक राहील. इतकी वर्षं आम्ही दोघी जावा पडवीत एकाच मशीनवर एम्ब्रॉयडरी करतोय. गोदाताई कागदावर चित्र काढणार, मी ते कॉम्प्युटरवर टाक्यांत बसवणार. शाळांचे लोगो, लग्नाच्या ओढण्या, नमन-खेळे करणाऱ्यांचे झगे. मग शिमगा आला. देवीची पालखी पडवीत बसली, मी ओटी घेऊन पुढे झाले, तर हिनं माझं मनगट धरलं — अख्ख्या वाडीसमोर! "थोरली मी. मान माझा."

त्याच दिवशी मी म्हटलं, धंदा वेगळा. ती म्हणाली, "मग कॉम्प्युटर पण अर्धा."

"घ्या की तुमचा दुसरा," मी म्हटलं.

"का म्हणून? आहे त्यातलं अर्धं माझं. मी काय भीक नाय मागत."

बाई आहे की करवत!

६ एप्रिल

नासिर येऊन गेला. मिरकरवाड्याचा, मशीन बसवलं तेव्हापासून कॉम्प्युटरचं सगळं तोच बघतो. वाटणीचं ऐकून आधी हसला. मग आमची तोंडं बघून हसू आवरलं.

"वहिनी, आहे त्याच विंडोजमध्ये दोन लॉगिन करून देतो ना. जिचं तिला."

"एका चुलीवर दोघींचा भात नको," गोदाताई. "वेगळं म्हंजे वेगळं." या एकाच गोष्टीत मी तिच्या बाजूची.

मग त्यानं समजावलं. डिस्कचे दोन भाग होतात, त्याला अडचण नाही. अडचण लायसन्सची. विंडोज कॉम्प्युटरबरोबर आलं ते एकच, दुसऱ्या भागात टाकायचं तर दुसरं घ्यायला हवं. आणि डिझाइनचं सॉफ्टवेअर तर त्याहून हट्टी. ते फक्त विंडोजवर चालतं, एका वेळी एकाच सिस्टीमवर. दुसऱ्या भागात लिनक्स टाकता येईल, ते फुकट. पण त्यात आपलं डिझाइनचं सॉफ्टवेअर बसणार नाही. काहीतरी जुगाड करून बसवलं तरी कंपनीच्या अटीत ते चालत नाही.

म्हणजे जमिनीसारखा मधे बांध घातला आणि झालं, असं नाही. एकीला सॉफ्टवेअर, दुसरीला रिकामा अर्धा.

मला हवंय. मलाच हवंय! टाक्यांचं काम मी करते, तिला माउस धरता येत नाही.

९ एप्रिल

चिठ्ठ्या टाकल्या. वाटणीत भांडी, पाट, अगदी खोवणीसुद्धा चिठ्ठ्या टाकूनच घेतली होती, मग हेच का नको. समोरच्या काकूंना बोलावलं. त्यांनी एक चिठ्ठी माझ्या हातात दिली, एक तिच्या.

विंडोज माझं! सॉफ्टवेअर माझं!

गोदाताईनं चिठ्ठी वाचली, चुरगळली, कमरेला खोचली. तोंडावरची माशी हलली नाही. मी मुद्दाम शिरा केला. वास भिंतीपलीकडे जाईल इतकं तूप घातलं.

११ एप्रिल

नासिर सकाळपासून बसला होता. सगळं पुसून नव्यानं टाकलं. माझ्या सॉफ्टवेअरचं लायसन्स आधी सोडवून घेतलं, मग परत बसवलं. म्हणाला, "वहिनी, असं हलवायची मुभा एकदाच असते. ती आज वापरली. आता याला हात लावू नका." मी कशाला लावते!

मग गोदाताईला तिचा अर्धा दाखवला. त्यातही एक फुकटचं शिलाईचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. हिनं विचारलं, "याचं लायसन्स कोणाच्या नावावर?"

"कोणाच्याच नाही, वहिनी. याची अट उलटी असते. घ्या, वापरा, बदला, दुसऱ्याला द्या. फक्त पुढच्याला अडवायचं नाही."

"म्हंजे कोणी मागितलं तर नाय म्हणायचं नाय?"

"असंच काहीसं," नासिर हसला.

अशी हसले मी आतल्या आत! जिच्या तोंडून उभ्या जन्मात "हो" निघालं नाही, तिच्या गळ्यात ही अट! बरी जिरली.

१२ एप्रिल

हसू जिरलं. माझंच.

कॉम्प्युटर चालू केला की पडद्यावर दोन ओळी येतात, कोणाच्या घरात शिरायचं ते विचारायला. वरची ओळ तिची. खालची माझी! आणि काही दाबलं नाही तर आपोआप तिच्याकडेच जातं. नासिरला फोन केला. तो म्हणाला, "ते असंच येतं, पण बदलता येतं, काही कठीण नाही." गोदाताई भिंतीपलीकडून ऐकत होती. लगेच पडवीत हजर. "बदलायचं नाय. थोरल्याचं नाव वरच असतं. लग्नाच्या पत्रिकेत बघ."

पत्रिका! आता रोज सकाळी आधी हिचं नाव वाचायचं, मग स्वतःच्या कामाला लागायचं.

२३ एप्रिल

कॉम्प्युटर-मशीनचेही वार ठरलेत, विहिरीसारखे; आज तिचा वार. दार लावून बसते. क्लिक, क्लिक, मग बराच वेळ काही नाही, मग क्लिक. एवढ्या वेळात जात्यावर दळण दळून होईल.

२ मे

ऑर्डर मिळाली! मालगुंडकडच्या एका शाळेची, खिशावरचा लोगो. नवीन शाळा, नवीन गणवेश, आणि ऑर्डर माझ्या एकटीच्या नावावर. बाई म्हणाल्या, "शाळा उघडायच्या आत हवं. उशीर झाला तर आम्ही कोल्हापूरच्या पार्टीला देऊ." म्हटलं, बिनधास्त राहा.

लोगोत होडी, नारळ, पुस्तक आणि खाली बारीक अक्षरं. अक्षरं नेहमी गोदाताई काढायची. मेली काढायची पण सुरेख. जमेल मला. न जमायला काय झालं?

विनीतला मुंबईला फोन केला. नवरा म्हणून एक शब्द कौतुकाचा? "वहिनीशी बोललीस का?" मी फोन ठेवला.

१४ मे

गोदाताई देवरूखला गेली, माहेरच्या लग्नाला. घर कसं हलकं वाटतंय! उद्या ती वरची ओळ खाली आणणार. नासिर तिच्या परवानगीशिवाय करणार नाही, साळसूद आहे. संदेशला सांगितलं, बाजारात मोबाइलचं दुकान आहे त्याचं. म्हणाला, "दोन मिनिटांचं काम, काकी."

१५ मे

वाटोळं झालं.

संदेशनं दोन मिनिटं काहीतरी खटखट केलं. मग म्हणाला, "काकी, गुंता आहे, फ्रेश टाकतो." मला वाटलं फ्रेश म्हणजे काहीतरी साफसफाई! तर त्यानं माझं विंडोज उडवून नवीन टाकलं. आता चालू केलं की ओळीच येत नाहीत. तिची वर नाही, माझी खाली नाही. थेट माझ्याच घरात. दोन सेकंद बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग डिझाइनचं सॉफ्टवेअर परत बसवलं. लायसन्स टाकलं. म्हणतं, हे दुसऱ्या सिस्टीमवर चालू आहे, आधी तिथून सोडवा. अरे कुठून सोडवू? ती सिस्टीम आता जगात नाही! त्या मेल्यानं पुसली! आणि हलवायची मुभा नासिरनं एप्रिलमध्येच वापरलेली.

कंपनीच्या ऑफिसात फोन लावला. एक गोड आवाजाची मुलगी. "मॅडम, नियमाप्रमाणे आम्ही तुमची विनंती पुढे पाठवू. साधारण सहा ते आठ आठवडे." तोवर शाळा उघडून महिना होईल म्हटलं. ती म्हणाली, "आणखी काही मदत हवी आहे का?"

१७ मे

ती आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी कॉम्प्युटर चालू केला. तिची ओळ नाही. तिचा अर्धाच नाही!

"माझं घर खाल्लंस?"

"मी नाही, संदेशनं —"

"संदेश भिंत चढून आला काय? मी पाठ फिरवली की तू माझं नाव पुसायला माणूस आणतेस! पालखीत मान नाय मिळाला म्हणून?"

मग मीही सोडलं नाही. मनगट धरल्यापासूनचं सगळं काढलं. ती भिंतीच्या त्या बाजूनं, मी या बाजूनं. गोदाताईचा नवरा, मोठे भावजी, जेवणावरून उठून विहिरीवर जाऊन बसले. माझा आवाज गेलाय. तिचा अजून आहे.

१९ मे

नासिर आला. माझ्याकडे न बघता कामाला बसला. गोदाताईचा अर्धा शाबूत होता, फक्त दार बुजलं होतं. त्यानं ते उघडून दिलं. दोन ओळी परत आल्या. वर तिची.

माझ्या लायसन्सला मात्र त्यानं हात टेकले. "हे कंपनीच सोडवणार, वहिनी." म्हटलं, लायसन्सशिवाय चालवायचा क्रॅक मिळतो म्हणे. असं बघितलं माझ्याकडे! शेवटी म्हणाला, "गोदावहिनींकडचं सॉफ्टवेअर तुमच्या बाजूलाही बसतं. फुकट आहे. पण हात बसायला वेळ लागेल. त्या एप्रिलपासून शिकतायत."

बसवून घेतलं. मला काय, इतकी वर्षं हेच करते!

२५ मे

होडी शिवली. पायातला जोडा दिसतोय.

२९ मे

आज अक्षरं. दोऱ्याचा गोळा झाला, सुई मोडली. शाळेच्या बाईंचा फोन, "एक नमुना तरी पाठवा." म्हटलं, पाठवते. कुठून पाठवू, माझ्या कपाळातून? ही ऑर्डर गेली की झालं. मग रत्नागिरीत सगळे म्हणणार, दीपालीला एकटीला जमत नाही, डोकं त्या थोरलीचंच होतं. आणि सगळ्यात आधी ती स्वतः म्हणणार. मोठ्यानं. भिंतीपलीकडून.

कालही तिच्या वाराला क्लिक, क्लिक. आता मधे थांबत नाही.

३ जून

गेले शेवटी. तोंड घेऊन गेले. ती मागच्या दारी कोकमं उलटी करत होती. मी उभी. ती कोकमं उलटतेय. मी उभीच.

"ताई, शाळेचा लोगो... तुमच्या बाजूला करून द्याल?"

मान वर नाही. एक सबंध सूप उलटून झालं. मग म्हणाली, "माझ्या मनात असतं ना दीपा, तर धागा दिला नसता तुला."

"माहीत आहे."

"पण काय करणार. माझ्या बाजूची अटच तशी. मागितलं तर नाय म्हणता येत नाय. तूच होतीस ना तिथं, नासिरनं सांगितलं तेव्हा?"

"हो."

"मग ठेव कागद. आणि तो दगड त्या फडक्यावर ठेव, उडतंय."

परत येऊन भिंतीला एक लाथ घातली. अंगठा सुजलाय. हिच्यापुढे हात पसरले, आणि हिनं दिलं तेही नियम म्हणून! रेशन दुकानदारासारखं!

५ जून

सकाळी पडवीच्या कठड्यावर पेनड्राइव्ह. वर वाटी पालथी घातलेली, मांजर पळवील म्हणून असेल. मशीनला लावला. लाल कापडावर आधी होडी आली, मग नारळ, मग पुस्तक. मग ती अक्षरं. एकही टाका इकडचा तिकडे नाही.

माउस धरता येत नव्हता हिला. मीच लिहिलंय वर.

तिच्या वारालाही मशीन मलाच सोडलं. सांगितलं नाही, नुसती आली नाही पडवीत. विचारलं तर म्हणाली, "अट आहे."

१३ जून

सगळे गणवेश पोचले. बाई खूष. पुढच्या वर्षीचीही ऑर्डर देतो म्हणाल्या. गोदाताईला अर्धे पैसे द्यायला गेले तर दारातूनच, "फुकटच्या सॉफ्टवेअरचे पैसे घेत नाय."

उपकार मानणार नाही मी. का मानू? देणं भागच होतं तिला. तिच्या जागी मी असते आणि अशी अट असती, तर मीही दिलं असतं. पालखीचं मी विसरलेली नाही.

१६ जून

नासिर केबल बदलायला आला होता. चहा देताना सहज म्हटलं, "तुमच्या त्या अटीनं वाचवलं हो मला. नाहीतर गोदाताईनं कुठलं डिझाइन दिलं असतं!"

त्यानं कप खाली ठेवला. "वहिनी, ती अट सॉफ्टवेअरला. डिझाइन ज्यानं काढलं त्याचं. द्यायलाच पाहिजे असं काही नाही."

"पण त्यांना तसंच वाटलं ना."

"कसं वाटेल? मी ते सॉफ्टवेअर टाकून दिलं त्याच आठवड्यात फोन आला होता त्यांचा. माझं चित्र दीपानं मागितलं तर द्यावं लागेल काय, म्हणून. मी म्हटलं, अजिबात नाही. 'बरं झालं' म्हणाल्या, आणि फोन ठेवला."

मी कोणाला काही बोललेली नाही. बोलणारही नाही. विचारलं तर अट आहे म्हणून सांगेन.