बोलणारी बटणं

सोमवार, ३ नोव्हेंबर
केवळराम साहेबांनी आज माझ्यावर भलतंच काम टाकलं. आमच्या शहापूरच्या ऑफिसात कॉम्प्युटर तीन तऱ्हेचे – माझा विंडोजचा, गोदामातले जुने दोन लिनक्सवर, साहेबांचा स्वतःचा मॅक. मेल, कॅलेंडर, सगळ्यांनी मिळून भरायची शीट, हे तिन्हींवर नीट चालेल असं एकच सॉफ्टवेअर हवं. "दोन कंपन्यांचं महिनाभर फुकट मिळालं. दीपमाला, तुम्हीच पाहून सांगा." बियाण्याच्या या कंपनीत दहा वर्षं पत्रं टाइप केली. निवड कर असं कोणी म्हटलं नव्हतं!

मंगळवार, ४
पहिलं देखणं. रंग, गोल फोटो. विंडोजवर, मॅकवर सुरेख. लिनक्सवर कॅलेंडर रेंगाळतं. दुसरं करडं, साधं, पण तिन्हींवर सारखंच. वहीत पहिल्याला आठ मार्क, दुसऱ्याला सहा.

शुक्रवार, ७
अश्वजितनं विचारलं, "ताई, बोलते का ते?"
अश्वजित आमचा फोन ऑपरेटर. वरठीहून येतो. डोळ्यांनी अजिबात दिसत नाही. मोबाइल त्याला पडद्यावरचं वाचून दाखवतो, पण ऑफिसचे मेल मीच वाचून दाखवते, तो सांगेल ते मीच टाइप करते. त्याचा बढतीचा अर्ज मी लिहिला. नामंजूर झाल्याचंही मीच वाचलं.
आणि मला त्याला विचारायचं सुचलंच नाही.

सोमवार, १०
कॉम्प्युटरचा वाचून दाखवणारा आवाज चालू करून दोघं हेडफोन लावून बसलो. पहिल्यात नुसतं "बटण, बटण, बटण". नाव कशालाच नाही. अश्वजित हसायला लागला – "मले का मालूम कोणतं पाठवाचं अन् कोणतं मिटवाचं?"
दुसरं उघडलं. "उत्तर द्या." "फाइल जोडा." "पाठवा." त्यानं हेडफोन कानांवर घट्ट दाबले. मग म्हणाला, "पुन्हा लावा, ताई."
तिन्ही मशीनवर करून पाहिलं. लिनक्सवर आवाज ठोकळ्यासारखा, पण एकही बटण मुकं नाही. जेवणाची सुट्टी कधी संपली कळलं नाही. वहीतले मार्क खोडले.

मंगळवार, ११
साहेब म्हणाले, "पण पहिलं दिसते किती छान. एका माणसासाठी कायले?"
माझ्या तोंडून निघून गेलं – साहेब, डोळे मिटून त्यावर एक मेल पाठवून दाखवा.  आणि त्यांनी खरंच हेडफोन लावले, डोळे मिटले. पाच मिनिटं चाचपडले. डोळे उघडले तर लिहिलेला मेल गायब. हेडफोन काढून माझ्या हातात दिले.
"करडं तर करडं. लावून टाका सगळीकडे."

सोमवार, १७
आज सगळ्या मशीनवर चालू झालं. पहिलाच मेल अश्वजितचा, त्यानं स्वतः टाइप केलेला: "मीटिंग, दुपारी चार, चहा अन् आलुबोंडे. या मीटिंगले नाही म्हणता येत नाही." गोदामातल्या धनीरामभाऊंसकट सगळ्यांनी 'स्वीकारलं' दाबलं. साहेबांनीसुद्धा. घरी येताना एकटीच हसत होते.

शुक्रवार, १२ डिसेंबर
सकाळी मेल उघडला. अश्वजितचा, फक्त मला.
"ताई, नागपूरच्या एका कंपनीत मले नोकरी लागली. जानेवारीपासून. अर्ज इथूनच केला, तुमाले न सांगता. राग नोका मानू. एकदा तरी कोणाले न सांगता काही करून पाहाचं होतं."
तीनदा वाचला. मग त्याच्या शेजारी जाऊन नुसती बसले.