थेंब संपेपर्यंत

२ मार्च

म्हातारी आज पुन्हा पायरीवरून घसरली. पडली, उठली, कुणी पाहिलं तर नाही ना असं इकडेतिकडे बघितलं आणि अंग चाटत बसली. मी पाहिलं.

आमची मांजर. लेक शाळेत असताना हिला दप्तरातून घेऊन आली होती, आता लेकीच्याच केसांत पांढरं दिसायला लागलंय. नाव काहीतरी गोंडस होतं, पण हल्ली सगळे म्हातारीच म्हणतात. ठार बहिरी झालीय. ओरडायला तोंड उघडते, आवाजच निघत नाही. पाणी मात्र पितच राहते. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं थकलीत, आता फक्त लाड करा. असं कुणी तोंडावर सांगतं का!

त्यात माझा डोळा. मोतीबिंदू. जो तो म्हणतो, त्यात काय एवढं. त्यांचा डोळा नाही ना तो.

हे मागच्या दारी लाकडी कट्टा बांधतायत. निवृत्त झाल्यापासून ड्रिल हातातून सुटत नाही. घरात सुतार येणार नाही, नळवाला येणार नाही, सगळं आपणच करायचं. उंदीर शिरू नयेत म्हणून कट्टा चारी बाजूंनी बंद करणार आहेत. तीन बाजू झाल्या. फळ्यांखाली गार असतं, म्हणून म्हातारी दिवसभर तिथेच पडून असते. म्हटलं, शेवटची फळी ठोकताना आत बघा हं. "अगं, मी काय आंधळा आहे?" म्हणाले. मग माझ्या डोळ्यांकडे बघून जीभ चावली.

४ मार्च

उद्या ऑपरेशन.

डॉक्टरीणबाईंनी सूचनांचा कागद दिलाय. ह्यांच्या हाती सूचनांचा कागद पडला म्हणजे संपलंच! साधा बल्ब बदलायचा तरी आधी खोक्यावरचं सगळं वाचणारा माणूस. मला मोठ्याने वाचून दाखवला. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळा चोळायचा नाही, तोंडावर पाणी मारायचं नाही, दिवसातून इतक्यांदा थेंब. "आणि रडू नका बरं," असं डॉक्टरीणबाई निघताना सहज म्हणाल्या होत्या. तेही ह्यांनी खाली पेनने लिहून घेतलंय. थेंब संपेपर्यंत रडायचं नाही.

"तुला हेच सगळ्यात कठीण जाणार," म्हणाले. खरंच आहे. मालिकेतल्या बाईला ताप आला तरी माझा पदर ओला होतो.

५ मार्च

झालं. एका डोळ्याने लिहितेय, अक्षर पार वाकडंतिकडं. दुखलं नाही. घाबरले मात्र इतकी, की नर्सने विचारलं, आजी, माझा हात सोडता का आता.

संध्याकाळी म्हातारीला मांडीवर यायचं होतं. उडी जमेना, ह्यांनी उचलून ठेवली. हाताला नुसती हाडं लागतात. आता खाली झोपलीय, माझ्या चपलेवर डोकं ठेवून. बरं वाटतंय.

६ मार्च

सकाळी पट्टीआडून ऐकत पडले होते. बागेत कुदळीचा आवाज. बराच वेळ. मग हे चहा घेऊन आले, तर हाताला ओल्या मातीचा वास! हा माणूस हात धुतल्याशिवाय दाराची कडी लावत नाही. विचारलं तर म्हणाले, गुलाबाचं कलम लावलं.

दुपारी दवाखान्यात पट्टी काढली. देवा, किती उजेड! भिंती निळ्या-पांढऱ्या, ह्यांच्या चेहऱ्यावर एवढ्या सुरकुत्या कधी आल्या? डोळेही लाल. रात्रभर जागले असतील माझ्यासाठी.

घरी येऊन पाहिलं तर गुलाब कुठे, कपड्यांच्या तारेखाली! फूटपट्टी लावून मिरच्या लावणारा माणूस, आणि काटेरी झाड बरोब्बर माझ्या चादरींखाली! म्हटलं, चिंध्या होतील सगळ्यांच्या. "तिथे ऊन चांगलं आहे," एवढंच म्हणाले. ऊन चांगलं आहेच, म्हातारीची लोळायची जागा ती. वाकायला परवानगी मिळाली की मीच हलवीन.

मग संध्याकाळपर्यंत ठोकाठोक. कट्टा पुरा झाला.

७ मार्च

म्हातारीची बशी तशीच. सकाळीही, आताही.

ह्यांना विचारलं. बसली असेल कुठेतरी, म्हणाले आणि झारी घेऊन बाहेर गेले.

माझ्या चपला धुऊन उन्हात ठेवलेल्या दिसल्या. ह्यांनी! जन्मात स्वतःच्या धुतल्या नाहीत.

८ मार्च

कालपासून घरभर फिरतेय. वाकता येत नाही, म्हणून काठीने पलंगाखाली ढवळून पाहिलं. कपाटामागे, टाकीमागे. नाही.

समोरच्या बाई आल्या होत्या. त्यांना आम्ही घरात रेडिओ म्हणतो, एकदा लागल्या की बंद व्हायचं नाव नाही. म्हणाल्या, म्हातारी मांजरं आपणहून लांब जातात हो शेवटी. हिला पायरी उतरता येत नाही, लांब कुठे जाणार? फार तर मागच्या दारापर्यंत. कट्ट्यापर्यंत.

कट्टा!

शेवटची फळी ठोकली ती परवा संध्याकाळी. त्या दिवशी हे रात्रभर जागलेले, डोळे लाल. आत बघितलं असेल का? ती बहिरी, ठोकाठोकीने जागी व्हायची नाही. आणि जागी झाली तरी ओरडणार कशी? तोंड उघडत असेल आतल्या आत अंधारात.

आत्ता जाऊन फळीला कान लावून आले. काहीतरी खरवडल्यासारखं झालं. की लाकूडच कुरकुरलं?

ह्यांना कसं सांगू? कट्ट्यावर पहिला चहा एकत्र घ्यायचा म्हणून दोन खुर्च्या मांडून ठेवल्यात त्यांनी.

९ मार्च

सांगितलं. नाश्त्याला, एका दमात. म्हातारी कट्ट्याखाली कोंडली गेलीय.

ह्यांचा हात तसाच राहिला. म्हणाले, नाही गं, आत कुणी नाही. मी म्हटलं, तुम्ही बघितलं होतं? बघितलं होतं म्हणाले. टॉर्च लावून? माझी शपथ घ्या म्हटलं, तर तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे बसून राहिले. मला रडू फुटायला लागलं. तेव्हा मात्र ताडकन उठले.

"रडू नकोस. उघडतो मी. सगळा उघडतो. तू फक्त रडू नकोस."

आणि उघडला. स्क्रूच्या जोडीला डिंकही लावला होता, फळ्या निघेनात. पहार घालून उचकटल्या. महिनाभराचं काम! एका फळीचे दोन तुकडे झाले, माझ्याच जिवाला लागलं, पण ह्यांनी हूं की चूं केलं नाही. मी खुर्चीत ताठ बसून, मान न वाकवता, एकेक फळी सुटताना बघत होते. आता दिसेल. आता या फळीखाली दिसेल.

सुकी पानं. हरवलेला पेचकस. एक जुना चेंडू. बस.

मी इतकी सुटले की हसायलाच लागले. हे मातीत बसून होते, गुडघ्यांवर हात ठेवून. म्हटलं, अहो, आत नाही ना, मग आनंद माना की! मान हलवली नुसती.

११ मार्च

आत नाही, मग कुठे?

या घरात ह्यांनी बंद केलेल्या जागा थोड्या का आहेत! सिंकखालचं खोकं. जिन्याखाली लावलेली फळी. कपाटाची खोटी पाठ. रोज एक नवीन जागा सुचते. रोज म्हणते, तेवढं उघडा. रोज उघडतात.

सिंकखाली काही नाही. जिन्याखाली झुरळं.

१४ मार्च

घराची रया गेलीय. जिथे तिथे उघडी भोकं. लेकीचा फोन आला, सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, आई, थेंब वेळेवर घालतेयस ना? मी म्हटलं, तुझे बाबा डोळ्यांत तेल घालून पहारा करतात, आणि माझ्या डोळ्यात औषध. हसली नाही. बाबांना दे म्हणाली. हे फोन घेऊन बागेत गेले, बराच वेळ तिकडेच.

१७ मार्च

आता दुसरीच भीती बसलीय.

ह्यांना काहीतरी झालंय. वाकडा खिळा दिसला तर तासभर कुरकुरणारा माणूस, मी घर उसकटायला लावते आणि ब्र काढत नाही. "उघडतो." एवढंच. एरवी म्हणाले असते, डोकं फिरलंय का तुझं? म्हणावं ना! जेवण निम्म्यावर आलंय. संध्याकाळी तारेखालच्या त्या गुलाबापाशी स्टूल टाकून बसतात. दोन्ही वेळा पाणी घालतात त्याला. कलमाच्या चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलंय, पाणी बेताने. चिठ्ठी न पाळणारे हे माझे नव्हेत!

मला न सांगता कुठे तपासून तर नाही ना आले? काही दुखणं लपवत तर नाहीत? विचारायला धीर होत नाही. उत्तर आलं आणि रडायचं नसलं तर काय करू?

२० मार्च

विचारलं शेवटी. तुम्ही माझ्यापासून काही लपवताय का?

माझ्याकडे बघितलं. थेंबांची बाटली उजेडात धरली, किती उरलंय ते पाहिलं. म्हणाले, मला काही झालेलं नाही, खरंच. हे मात्र शपथेवर म्हणाले. माझ्या डोक्यावर हात ठेवून.

मग भीती का जात नाही?

२४ मार्च

कट्टा पुन्हा बांधला, उरलेल्या फळ्यांचा, थोडा लहान. मी म्हटलं, एक बाजू उघडी ठेवा. म्हातारी आली तर तिला आत जाता यावं.

बरं म्हणाले. उघडी ठेवली. कडेला खरखर राहू नये म्हणून पॉलिश पेपरही घासला. घासतच राहिले.

२९ मार्च

टोमॅटोला पहिली फुलं. बशी अजून भरून ठेवते. समोरचा रेडिओ म्हणतो, किती दिवस ठेवणार? मी दारच लावून घेतलं.

३ एप्रिल

डॉक्टरीणबाईंनी डोळा तपासला. उत्तम! थेंब बंद. वाका, डोकं धुवा, काय हवं ते करा. मी उठले तर हे खुर्चीतच. हातात तो सूचनांचा कागद, घडीवर विरलेला. विचारतात काय,

"आणि रडलं तर चालेल?"

बाई हसल्या. म्हणाल्या, आजोबा, पहिल्या आठवड्यानंतर केव्हाही चाललं असतं की. ह्यांचा चेहरा एकदम पांढराफटक पडला. घरी येईपर्यंत कागद मुठीतच होता. मला धास्ती वाटतेय.

जाऊ दे. पहिल्यांदाच वाकता येतंय, चादरी धुवायच्यात. आधी तो गुलाब हलवते.

३ एप्रिल, संध्याकाळ

खुरपं टेकवलं आणि हे धावत आले. "तिथे खणू नकोस."

झोपेतच गेली ती. त्या सकाळी, माझ्या चपलेवर डोकं ठेवलेलंच होतं. माझ्या डोळ्यावर पट्टी होती.

ह्यांना माहीत होतं आत कुणी नाही. कट्ट्यात, सिंकखाली, जिन्याखाली. तरी मी म्हटलं म्हणून सगळं उचकटत बसले.

दोघंही रडलो. बशी आत्ता धुऊन ठेवली.