एक इंचही नाही

६ सप्टेंबर १९६५, सोमवार. दुपार, ऑफिस.

लढाई पेटली. आपल्या फौजा लाहोरच्या दिशेने निघाल्या. पानठेल्यावरच्या रेडिओभोवती एवढी गर्दी की ऑफिसला पोचायला उशीर झाला. लेटमार्क. देशासाठी माझा पहिला त्याग.

थोड्या वेळाने बाबारावांची जीप दारात. बाबाराव म्हणजे आमच्या महाल भागातले पुढारी. नरखेडला संत्र्याच्या बागा, नागपूरला राजकारण. माणूस दिलदार, पण चार वाक्यं सलग बोलायची म्हटलं की घाम फुटतो. त्यांची भाषणं मी लिहितो. हे कोणालाच ठाऊक नाही. म्हणजे ठाऊक सगळ्यांना आहे, पण कोणी बोलत नाही. म्हणाले, किसनराव, आज चौकात सभा हाय, एकदम जंगी झाली पाहिजे.

ऑफिसच्याच कागदावर लिहून काढलं. विम्याचे क्लेम थांबतील, राष्ट्र थांबणार नाही. अशा भाषणाची एक रीत असते. आधी म्हणायचं, आम्हाला लढाई नकोच होती. मग म्हणायचं, खोडी त्यांनी काढली. मग म्हणायचं, आता मागे फिरणं म्हणजे आईच्या दुधाशी बेइमानी. या क्रमाने गेलं की पब्लिक स्वतःच 'चला' म्हणतं. क्रम चुकला की लोक प्रश्न विचारतात.

तोच दिवस. सभेनंतर.

तुफान! 'घेतलेल्या जमिनीतला एक इंचही परत देणार नाही' या वाक्याला टाळ्या थांबेनात. वाक्य माझं. मी स्टेजमागून प्रॉम्प्ट करत होतो. बाबारावांनी जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवलं आणि म्हणाले, येत्या निवडणुकीत वॉर्डाचं तिकीट तुमचंच समजा. समजलो.

घरी येऊन सुमतीला सांगितलं. ती म्हणाली, आधी रॉकेल आणा, कंदिलात थेंब नाही. मी म्हणालो, ब्लॅकआउट आहे असं समज. मोठ्या माणसांच्या बायका अशाच असाव्यात.

२१ सप्टेंबर, मंगळवार.

वाईट दिवस. मागच्या खोल्यांत यमुताई राहतात. मूळच्या कळमेश्वरकडच्या. नवरा गेल्यावर लोकांच्या शेवया-पापड करून एकुलत्या चंद्रभानला वाढवलं. तो फौजेत. आज तार आली, इंग्रजीत, म्हणून माझ्याकडे घेऊन आल्या.

गेल्या महिन्यात आपण जिंकलेली, पेपरात गाजलेली काश्मिरातली ती खिंड घेताना जखमी. उजवा पाय गुडघ्याखाली कापला. मी वाचलं आणि म्हणालो, पायाला लागलंय जरा. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. म्हणाल्या, समदं वाचा न गा. समदं वाचलं.

रडल्या नाहीत. उंबऱ्यावर बसून राहिल्या. मग विचारलं, तो डोंगर तं आपल्याकडंच राहीन न गा किसनभाऊ? मी म्हणालो, कायमचा. शब्द देतो. म्हणाल्या, तुम्ही सांगून राहिले म्हणजे राहीन. आणि तेवढ्यावर उठल्या. 

त्या निघाल्या तशी सुमतीने त्यांची कालची वाटी परत दिली, साखर घालून. शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही हा तिचा कायदा. अशा वेळीसुद्धा! बायकांना प्रसंगाचं भान नसतं.

पुढच्या भाषणात चंद्रभानचा उल्लेख घेतला. बाबारावांनी यमुताईंना स्टेजवर बोलावून शाल दिली. सभा रडली. फार परिणामकारक झालं.

२३ सप्टेंबर, गुरुवार.

युद्धबंदी. मी पुढची भाषणं तयार ठेवली होती, ती सगळी बाद. बाबारावांनी विचारलं, आता काय म्हणाचं? मी म्हणालो, म्हणायचं की आम्हाला शांतताच हवी होती. ते म्हणाले, हे तं आपण पहिलेच म्हटलं होतं. मी म्हणालो, तेच तर! आपण शब्दाचे पक्के.

११ ऑक्टोबर, सोमवार.

देशात धान्य कमी. सोमवारी रात्री जेवू नका असं दिल्लीहून आवाहन आहे. चौकात मी स्वतः बोललो (पहिल्यांदाच, बाबारावांचा घसा बसला होता). सांगितलं की आपण सोडलेला एकेक घास थेट जवानाच्या ताटात पडतो. हे कुठे छापून आलेलं नाही, मला उभ्या उभ्या सुचलं. लोक भारावले.

निश्चय: आजपासून सोमवारी रात्री अन्न वर्ज्य.

परत येताना तर्रीपोहे खाल्ले. पोहे म्हणजे जेवण नव्हे. दुसरी प्लेट मित्राच्या आग्रहामुळे.

१८ ऑक्टोबर, सोमवार.

सुमती सांगत होती, यमुताई सोमवारी सकाळपासूनच काही खात नाहीत. मी म्हणालो, फक्त रात्रीचं सोडायचं आहे, दिवसाचं नाही. त्यांना जाऊन सांगितलं. म्हणाल्या, पोरगा दवाखान्यात पडून हाये, त्याले दोन घास जास्त पोचले तं काय बिघडलं? मी परत आलो. एखाद्याची श्रद्धा मोडू नये.

मी आज साबुदाणा खाल्ला. तो उपासाचाच पदार्थ आहे.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार. दिवाळी.

दरवर्षी गल्लीतली पोरं अंगणात मातीचा किल्ला करतात. या वर्षी मी बजावलं, किल्ला नाही, खिंड! दोन बाजूंना डोंगर, मध्ये वाट, वर अळीव पेरून हिरवळ, शेंड्यावर तिरंगा. माती मी कालवली नाही, पण कल्पना माझी. बाबारावांच्या हस्ते उद्घाटन. त्यांनी जाहीर केलं की ही खिंड आपण सिमेंटची पक्की करू, या चौकाचं भूषण म्हणून.

यमुताईंनी बाजारातून मातीचा शिपाई आणला होता. कोणाला न विचारता पुढे झाल्या आणि थेट झेंड्याखाली ठेवला. म्हणाल्या, हा चंद्या. बाबाराव जरा गडबडले, पण मी टाळ्या सुरू केल्या.

२९ नोव्हेंबर, सोमवार.

तिकिटाचा विषय काढला. बाबाराव म्हणाले, किसनराव, तुम्ही तं घरचे. घरच्यांना घाई नसते. पटलं.

मात्र परत जाताना जीपच्या पुढच्या सीटवर त्यांचे साळे ताराचंद बसलेले. मला मागे बसावं लागलं, संत्र्यांच्या पेट्यांसोबत. ताराचंदला गाडी लागत असेल, म्हणून पुढे बसवलं असणार. बाबारावांना सिमेंटचं विचारलं. म्हणाले, सिमेंटची टंचाई हाय.

खिंड अजून उभी आहे. यमुताई रोज तिच्यावर पाणी शिंपडतात, माती तडकू नये म्हणून.

११ जानेवारी १९६६, मंगळवार.

काय लिहू. काल ताश्कंदला करार झाला आणि रात्रीतून पंतप्रधान गेले. पानठेल्यावर मोठमोठी माणसं हमसून रडत होती. मीही रडलो. दिवसभर पाणीसुद्धा घशाखाली उतरलं नाही. ठरवून केलेलं नाही, झालंच तसं.

करारात काय आहे ते पेपरात वाचलं. दोन्ही फौजा ऑगस्टच्या आधीच्या जागी जाणार. पुन्हा वाचलं. आपण घेतलेलं सगळं परत. म्हणजे ती खिंडही.

हा पेपर बेभरवशाचा आहे.

१२ जानेवारी, बुधवार.

दुसऱ्या पेपरातही तेच.

१६ जानेवारी, रविवार.

बाबारावांकडे गेलो. चांगला खडसावणार होतो. वाक्यं पाठ केली होती: हा जनतेशी धोका आहे, मी एका आईला शब्द दिलाय, वगैरे. बाबाराव खाटेवर संत्रं सोलत होते. म्हणाले, बसा, खा. बसलो. म्हणाले, अशा दुःखाच्या वेळी खिंडीचं विचारणं म्हणजे गेलेल्या माणसाचा अपमान, असं एक वाक्य पाहिजे. पुढच्या रविवारी सभा हाय.

मी विचारलं, आणि एक इंचही नाही म्हणालो होतो त्याचं काय? ते म्हणाले, ते तं लढाईतलं भाषण होतं न गा. लढाईत माणूस बोलतेच. तुम्हाले काहून त्रास होऊन राहिला?

मला त्रास होऊन राहिला होता.  चार महिने मी या माणसाच्या तोंडात शब्द घातले आणि त्याला त्यातला एकही चिकटला नाही. धडधडीत फसवणूक! तडक उठून निघून यावं असं ठरवलं.

भाषण लिहून दिलं. कारण दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर वाईट लिहिलं असतं. रीत तीच ठेवली. आम्हाला शांतताच हवी होती. आम्ही मोठ्या मनाचे. आता मागे वळून पाहणं म्हणजे बेइमानी. 'इंच' हा शब्द कुठे येऊ दिला नाही.

८ फेब्रुवारी, मंगळवार.

चंद्रभान आला. कुबड्या. पायजम्याचा उजवा पाय गुडघ्याखाली दुमडून पिन लावलेला. बाबारावांना निरोप पाठवला होता, हारतुऱ्यांसाठी. ते बागेत होते. ताराचंदने सांगितलं, हार पाठवतो. हार आला नाही.

मी भेटायला गेलो. पोरगा चांगला आहे, हसतमुख. म्हणाला, काका, आईनं तुमची भाषणं मले शब्दनशब्द ऐकवली. मी विषय बदलला. हवापाण्याचं बोललो.

यमुताईंना अजून कराराचं कोणी सांगितलेलं दिसत नाही. चंद्रभानला माहीत असणारच. तोही बोलत नाही. मीच सांगेन, योग्य वेळ बघून. उद्या नाहीतर परवा.

२५ फेब्रुवारी, शुक्रवार.

सांगायची गरज उरली नाही. आज रेडिओवर आलं, फौजा परतल्या. यमुताई पानठेल्यावर उभ्या होत्या, चंद्रभानसाठी बिड्या घ्यायला आलेल्या. सगळी बातमी ऐकली.

सरळ माझ्या दारात आल्या. भांडतील असं वाटलं होतं, भांडल्या नाहीत. म्हणाल्या, काहून गा किसनभाऊ, डोंगर परत देऊन टाकला म्हणे? मी म्हणालो, हे आंतरराष्ट्रीय राजकारण आहे यमुताई, गुंतागुंतीचं असतं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, बरं. ज्याचं त्याले परत देऊन राहिले, तं माह्या पोराचा पायबी परत मागून घ्या न.

मी म्हणालो, बाबारावांना विचारून सांगतो.

असंच म्हणालो. तोंडातून निघून गेलं. सुमती आतून बाहेर आली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा आत गेली. 

(वॉर्डाचं तिकीट ताराचंदला. तेही पानठेल्यावरच कळलं. मला सगळ्यांनीच दगा दिला.)

२८ फेब्रुवारी, सोमवार.

सकाळी अंगणात आवाज आला म्हणून बाहेर गेलो. यमुताई फावड्याने खिंड मोडत होत्या. मी म्हणालो, अहो, राहू द्या, आठवण म्हणून. त्या म्हणाल्या, इथला डोंगर मीच परत करून टाकतो, बाबारावले कायले तरास. मातीचा शिपाई पदरात बांधला आणि घरात गेल्या. चंद्रभान दारात कुबड्यांवर उभा होता. त्याने मला नमस्कार केला. पोराला वळण चांगलं आहे.

संध्याकाळी त्यांच्याकडून झुणका-भाकरीचं ताट आलं. चंद्रभान स्वतः घेऊन आला, एका कुबडीवर, दुसऱ्या हातात ताट. म्हणाला, आईनं आज सोमवार सोडला. म्हणे किसनभाऊले सांग, आता कोणाले घास पोचवाचा नाही, तुम्हीबी पोटभर जेवा.

म्हणजे मीही सोमवार धरत होतो, असंच त्यांना अजून वाटतं.

जेवलो. झुणका फार चांगला होता. सुमतीने ताट घासून माझ्यासमोर आणून ठेवलं. म्हणाली, तुमच्या नावानं आलंय, तुम्हीच परत करून या. रिकामं देऊ नका तेवढं.

घरात साखर आहे. गूळ आहे. बाबारावांनी दिलेली संत्री आहेत. तासभर झाला, ताट पुढ्यात घेऊन बसलोय. काय घालू ते सुचत नाही.