ओसरीवरचा नकाशा

केनवड,
रविवार, सकाळ

प्रिय रुख्मिणी,

राखी, आईला हे मोठ्यानं वाचून दाखव, आणि 'प्रिय'वर हसू नकोस. तुझ्या आईला पत्र लिहायची वेळच कधी आली नव्हती. ती घरातच असायची.

रुख्मिणी, डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी तू वाशीमला लेकीकडे गेलीस, त्याला आता कित्येक महिने झाले. कधी येतेस विचारलं की म्हणतेस, "येतो ना, घाई कायले करता?" आणि विषय तुरीवर नेतेस. इथे तुझी म्हैस माझ्यावर रुसली आहे. सकाळी कविता म्हणताना दुसऱ्या कडव्यात अडलो, तर स्वयंपाकघरातून पुढची ओळ येत नाही. चौथीची पोरं डुलत डुलत म्हणायची त्या कविता तुला पाठ आणि गुरुजींना विसर, हे तू गावाला कळू दिलं नाहीस, हे उपकारच.

आता बातमी. ओसरीची फरशी उखडली होती म्हणून रिसोडहून फय्याज मिस्त्रीला बोलावलं. त्याचा भाचा तनवीर जॉर्डन देशात हॉटेलात नोकरीला आहे. त्यानं तिथल्या मादबा गावच्या एका चर्चमधल्या जमिनीचा फोटो पाठवला होता. चौदाशे वर्षांपूर्वी कुणी कारागिरांनी रंगीत दगडांचे बारीक तुकडे बसवून जमिनीवर अख्खा मुलूख मांडला आहे: गावं, वेशी, खजुराची झाडं, नदी. नदी खाऱ्या समुद्राला मिळते तिथे एक मासा तोंड फिरवून उलटा निघाला आहे. बराचसा नकाशा फुटून गेलाय, पण मासा शाबूत! चहा गार झाला तरी आम्हा दोघांची मान मोबाईलवरून वर निघेना. भिंतीवरचे नकाशे मी जन्मभर छडीनं दाखवले. पायाखालचा पहिल्यांदाच पाहिला.

मग मी फय्याजला म्हटलं, आपणही घराचा नकाशा करू, घराएवढाच, घरातच. कशासाठी, ते त्यानं विचारलं नाही. पैनगंगेतून गुळगुळीत गोटे आणले. मी कागदावर आखून दिलं, शाळेच्या सवयीनं उत्तर दिशा वर. त्यानं कागद उलटा धरला. मी कविता म्हणत होतो, तो "वा गुरुजी, वा" करत गोटे बसवत होता, बघतो कोण? संध्याकाळी पाहिलं तर गोट्यांची ओळ चुलीकडे न जाता थेट गोठ्याकडे निघालेली. फय्याज कपाळाला हात लावून म्हणाला, "गुरुजी, भाबी आता चहा म्हशीपाशी मांडतीन काय?" इतकं हसलो की शेजारची तुळसाबाई डोकावून गेली. दुसऱ्या दिवशी सगळं उखडून पुन्हा बसवलं.

डॉक्टर काय म्हणाले ते राखीनं मला केव्हाच सांगितलं होतं. नजर आता परत यायची नाही, हे मला ठाऊक आहे. आणि तू तिला म्हणालीस तेही: "माह्याच घरात मले कोनी हात धरून फिरवावं काय?" म्हणून हे पत्र. तुझ्या खाटेपासून चुलीपर्यंत, चुलीपासून मोरीपर्यंत, तिथून तुळशीपर्यंत गोट्यांची ओळ आहे. अनवाणी पायाला नीट लागते. उंबऱ्याआधी खरखरीत फरशी, रांजणापाशी थंडगार काळा दगड. फय्याजनं एकेक कड घासून स्वतः चालून पाहिलं. मी डोळ्यांवर दुपट्टा बांधून चाललो. एकदा रांजणावर आदळलो, मग त्यानं काळा दगड थोडा अलीकडे घेतला. आता चुलीपाशी बिनचूक पोचतो. पुढे चहा जमत नाही, तो दोष नकाशाचा नाही. तर ये. घरात तुझा हात कुणी धरणार नाही, मीसुद्धा नाही. फक्त जीपमधून उतरल्यावर फाटकापर्यंत तेवढा धरू दे, रुख्मिणी. तिथवर गोटे पुरले नाहीत.

लेकीच्या तोंडून ऐकावं लागतंय, तरी तुझाच,
शालिग्राम