पोटाचा तपास

अंजूर,
सोमवार, ता. १३ नोव्हेंबर २००६

चि. चंद्रास बाबांचा आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. क्षेम काही नाही. पाकीट चिकटवलंय त्या कडेवर मी आडवी सही केली आहे. ती तुटलेली दिसली तर आधी तसं कळव आणि मग पुढचं वाच. फोनच केला असता, पण फोन पुढच्या खोलीत आहे, आणि या घरात भिंतींपेक्षा माणसांनाच कान जास्त झालेत.

जावईबापू आणि पोरं बरी असतील. भाताची झोडणी उरकली का? आमची उरकली.

आता मुद्दा. पुढच्या रविवारपासून डबा पाठवू नकोस. मोरूच्या रिक्षाला तुमच्या वळ गावाहून अंजूरपर्यंत उगाच फेरा पडतो.

दसऱ्यापासून माझ्या पोटात दुखतंय. उजवीकडे, बरगडीच्या खाली. तिथून कळ निघते ती पाठीत खांद्यापर्यंत जाते. दोन तास गुरासारखं लोळवते आणि आली तशी निघून जाते. भावेश म्हणतो, "गॅस हाय बाबा, सोडा प्या." हाच तुझा भाऊ दसऱ्यापासून खाडीकडच्या जमिनीवर गोडाऊन बांधायला माझी सही मागतोय. मी देत नाही. त्याने सही मागायला आणि माझं पोट दुखायला एकच गाठ पडली! अठ्ठावीस वर्षं भिवंडीच्या जकात नाक्यावर काढलीत मी. ताडपत्रीखाली काय दडवलंय ते ट्रकवाल्याच्या तोंडावरून ओळखायचो. मला कोणी शिकवू नये.

म्हणून तुझ्या वहिनीच्या, जयवंतीच्या, हातचं जेवण कमी केलं. नुसता भात आणि पिवळं वरण, तेही जयवंतीने आधी स्वतःच्या ताटात वाढून घेतल्यावर. फोडणीचं नाही, तळलेलं नाही, मसाल्याचं तर नाहीच, मसाल्यात काय वाट्टेल ते लपतं. ती विचारते, "बाबा, जेवत का न्हाय तुमी? माझ्या हाताला चव न्हाय का आता?" मी ताकास तूर लागू देत नाही.

मग नातीचं, मृणालीचं, नववीचं विज्ञानाचं पुस्तक मागून घेतलं. त्यात पचनसंस्थेची आकृती आहे. ती मी वहीत उतरवून घेतली आणि आजूबाजूच्या मास्तरांना विचारून वेळा लिहिल्या. घास गिळला की अन्ननलिकेतून आठ-दहा सेकंदांत जठरात. जठरात तीन-चार तास. तिथे आम्लात घुसळून त्याची पेज होते. जठराच्या तळाशी एक झडप असते, ती पेज थोडी थोडी करून पुढे सोडते, नाक्यावर आम्ही एकेक गाडी सोडायचो तशी. पुढे लहान आतडं. नाव लहान आणि लांबी वीस फूट! तिथे पित्त आणि स्वादुपिंडाचा रस मिळतो, खरं पचन तिथेच होतं आणि सत्त्व रक्तात उतरतं. त्याला आणखी चार-सहा तास. मग मोठं आतडं, पाच फुटांचं. ते पाणी शोषून घेतं आणि एक दिवसही लावतं. एवढा कारखाना रात्रंदिवस चालतो आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो, याचं मला फार नवल वाटलं.

मग हिशेब लावला. मी जेवतो एक वाजता. कळ येते अडीचला. आदल्या दिवशीचं अन्न तोवर मोठ्या आतड्यात गेलेलं, त्याचा संबंध नाही. सकाळचा चहा तर केव्हाच पुढे सटकलेला. म्हणजे जे काही आहे ते त्याच दुपारच्या जेवणात. पाच वेळा दुखलं. पाचही वेळा वार रविवार. आणि तुझी आय गेल्यापासून रविवारी दुपारी मी काय जेवतो, ते तुला सांगायला नको. खोबऱ्याच्या वाटणाचं मटण आणि वडे. तुझा डबा.

कालचा डबा मी खाल्ला नाही. परसात कोंबड्यांना घातला आणि खुर्ची टाकून पाच वाजेपर्यंत बघत बसलो. कोंबड्या धडधाकट आहेत. पण त्यावर जाऊन चालत नाही. मृणाली म्हणते, कोंबडीला पेषणी असते, ती खडेसुद्धा भरडते.

मी तुझ्यावर आळ घेत नाही, नुसतं विचारतो. वळ गावात तुला कोणी काही सांगितलं का? भिवंडीच्या रजिस्टर कचेरीतल्या त्या जुन्या कागदाबद्दल? सांगितलं असेल तर तो माणूस लबाड आहे. सांगितलं नसेल तर ही ओळ मी लिहिलीच नाही असं समज.

उत्तर पोस्टाने पाठव. मोरूच्या हाती देऊ नकोस, तो पत्रं उघडून वाचतो असा मला वहीम आहे.

केसरीनाथ जोमा पाटील


अंजूर,
शुक्रवार, ता. २४ नोव्हेंबर २००६

चंद्रा,

आज आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. तुझं उत्तर आलं नाही. येणार तरी कसं?

गेल्या रविवारी राहनाळला नामाच्या मुलीचा साखरपुडा होता. नामा म्हणजे माझा नाक्यावरचा जोडीदार, तुला आठवत असेल. एक टोप आणि तीनशे पानं. त्यात मला एकट्याला कोण काय घालणार? निर्धास्त बसलो, मटण दोनदा मागून घेतलं. अडीच वाजता मंडपातच आडवा झालो. तीनशे माणसं ढेकर देत उभी आणि मी एकटा लोळतोय! जयवंतीने मला रिक्षात घातलं, डोकं मांडीवर घेतलं आणि भिवंडीच्या दवाखान्यात नेलं. वाटेत मी तिच्या नव्या साडीवर ओकलो. ती म्हणाली, "असू दे, बाबा, धुतली की झाली." दीड महिना मी जिच्या ताटावर पहारा ठेवला, ती ही.

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. वाटाण्याएवढे, सात.

डॉक्टरने विचारलं, "काका, दुखतं कधी?" मी म्हटलं, रविवारी. तो हसायलाच लागला. "पित्ताला वार कळत नाही, काका. रविवारी खाता काय?" सांगितलं. "आणि बाकीचे दिवस?" वरणभात. मग त्याने औषधाच्या चिठ्ठीमागे चित्र काढलं. यकृत पित्त तयार करतं, खालच्या पिशवीत ते साठतं. तेल-चरबीचं अन्न लहान आतड्यात उतरलं की पिशवी आवळते आणि पित्त सोडते. तोंडाशी खडा अडकला असला की ती नुसती आवळत राहते, तीच ही कळ. चरबी पोटात गेली नाही तर पिशवी गप्प पडून राहते.

कळलं ना, बाय? सहा दिवस मी घरच्यांवर संशय घेऊन कोरडं, अर्धपोटी जेवत होतो, म्हणून दुखत नव्हतं. फक्त रविवारी डोळे झाकून पोटभर जेवायचो, कारण डबा तुझा असायचा. आणि त्याचाच मी तुझ्याविरुद्ध पुरावा केला. पोटच्या पोरीविरुद्ध.

वहीतली चूक वहीत सुधारली. पण माझा संशय तुझ्याकडे इतक्या सहज का वळला, तेही आज लिहून टाकतो. चोराच्या मनात चांदणं. १९९५ साली तुला मी भिवंडीला नेलं. आयच्या जमिनीला वारसांची नावं लावायचा कागद आहे, असं तुला सांगितलं. तो हक्कसोडीचा कागद होता. खाडीकडची ती जमीन तुझ्या आयला माहेरहून आलेली, त्यातला तुझा वाटा मी तुझ्याच सहीने काढून घेतला. लेकीला दिलेली जमीन परक्या घरी जाते, सगळं गाव असंच करतं, अशी तेव्हा मनाची समजूत घातली. पण भीती गेली नाही. ज्या दिवशी तुला कळेल त्या दिवशी तू मला विष घालशील, असं मी धरूनच चाललो होतो. कारण तुझ्या जागी मी असतो तर घातलं असतं.

सोमवारी, चार डिसेंबरला, ऑपरेशन आहे. पिशवीच काढून टाकतात. डॉक्टर म्हणतो, तिच्यावाचून काही अडत नाही, पित्त थेट आतड्यात उतरतं. मला भीती वाटते. बक्षीसपत्र करून तुझा वाटा तुला परत देणार आहे. भावेशला अजून सांगितलेलं नाही, तेवढा धीर होत नाही. तू ये.

तुझा बाप


वळ,
मंगळवार, ता. २८ नोव्हेंबर २००६

ती. बाबांना चंद्राचा नमस्कार.

दोन्ही पत्रं पोचली. पाकिटावरची सही शाबूत होती. मोरूला वाचताच येत नाही, त्या गरिबाला सोडा.

पहिल्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण जे लिहावंसं वाटलं ते बापाला लिहायचं नसतं. बाबा, कोंबड्या मेल्या असत्या तर काय केलं असतंत? पोलिसांत गेला असता? मी इथे पाट्यावर खोबरं वाटतेय आणि तुम्ही तिथे खुर्ची टाकून बघत बसलाय! ते वाचलं त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरला नाही. तुमच्या वहीत त्याचीही काही वेळ असली तर बघा.

आता त्या कागदाचं. मला कोणी सांगावं लागलं नाही. मी वाचून सही केली.

कचेरीत तुम्ही म्हणालात, "वाचायचं काय त्यात, बाय, कर सही." त्याआधी तुम्ही मला कधी बाय म्हटलं नव्हतं. तिथेच मला दाल में काला दिसला, तुमचीच मुलगी ना मी. दुसऱ्या पानावर होतं, राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय हक्क सोडत आहे. वर बघितलं तर तुम्ही खिडकीबाहेर बघत होता आणि मानेवरून घाम निथळत होता. तिथे विचारलं असतं तर कारकुनासमोर तुमची मान खाली गेली असती. माझं मन झालं नाही. वाटलं, रिक्षात सांगतील. मग वाटलं, घरी गेल्यावर सांगतील. तुम्ही स्टँडवर मला उसाचा रस पाजलात, एक नाही, दोन ग्लास.

तेव्हापासून दर रविवारी डबा पाठवला. मोरू रिकामा डबा परत आणायचा, घासून पुसून लख्ख. मी आधी झाकण उघडून बघायची, आत चिठ्ठी टाकलीय का. अकरा वर्षं! वेडीच म्हणायची मी. सासरी कोणाला बोलले नाही, ह्यांनासुद्धा नाही. सांगितलं असतं तर तुम्हाला या गावात कोणी पाणी विचारलं नसतं. आणि मी तुम्हाला विष घालीन? घालायचं असतं तर अकरा वर्षं मटण कशाला शिजवत बसले असते?

माफ केलं असं मी लिहीत नाही, कारण केलेलं नाही. माझा वाटा मी घेणार आहे, आयचा आहे तो. पण ते नंतर, तुम्ही बरे झाल्यावर.

रविवारी सकाळी मी अंजूरला येते. घरात सगळे असतील, भावेश, वहिनी, मृणाली. त्यांच्यासमोर तोंडाने म्हणा, मी चंद्राला फसवलं. कागदावर लिहून देऊ नका, तुमच्याकडून एक कागद मला मिळालाय. म्हणालात तर सोमवारी दवाखान्यात तुमच्या उशाशी मी असेन, शुद्धीवर याल तेव्हा मीच दिसेन. नाही म्हणालात तर तुमच्या पाया पडेन, पाणी पिईन आणि निघेन. मग पुन्हा येणार न्हाय.

एका वाक्यासाठी थांबलेली,
चंद्रा