हवालदाराचे वड

आबा, आपल्या बागेत काय सुधारणा कराव्यात असं विचारणारा एक छापील कागद परवा माझ्याकडे आला. नगरपालिकेतली एक तरुण इंजिनियर मुलगी घरोघर फिरत होती. "आजी, तुम्ही जुन्या. तुम्हाला बाग चांगली माहीत असेल," म्हणाली. मी म्हटलं, माहीत म्हणजे काय, त्या बागेपायी मी सख्ख्या बापाशी वैर घेतलंय. ती हसली. तिला वाटलं म्हातारी गंमत करतेय. कागदावर सूचनांसाठी चार ओळी सोडल्या होत्या. चार ओळींत माझं काय होतंय! मी मागचं पान भरलं आणि वर दोन फुलस्केप जोडले. लिहिताना तुमची आठवण आली, आणि आठवणीच्या पाठोपाठ राग आला. हा राग त्या पोरीच्या फायलीत कशाला घालायचा, ज्याचा त्याला द्यावा, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली, तरी राग शिळा झालेला नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. तुम्ही पलटणीतून हवालदार म्हणून पेन्शनीवर आलात आणि एसटी स्टँडसमोरच्या नव्या बागेवर मुकादम म्हणून लागलात, तेही रोजंदारीवर. हाताखाली तीन गडी आणि पाणी घालणारी एक मावशी. महिन्याभरात तुम्ही त्या बागेची छावणी करून टाकली. दोरी धरून अशोकाची झाडं एका ओळीत लावली. मेंदीचं कुंपण फूटपट्टी लावल्यासारखं कापलं. मधोमध हिरवळ, आणि हिरवळीवर कुणाचा पाय पडला की तुमची शिट्टी वाजे. मुलांसाठी सिमेंटचा हत्ती होता, त्याच्या सोंडेची पत्र्याची घसरगुंडी केली होती. एक कारंजं होतं, ते रविवारी संध्याकाळी तासभर उडायचं. गावात दुसरं बघण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे लोक बागेचं कौतुक करायचे आणि तुमची छाती फुगायची. मला ती बाग तुमच्याइतकीच आवडायची, आबा. तुम्हाला मात्र शेवटपर्यंत वाटत राहिलं की पोरगी नावं ठेवते. जिथं जीव अडकलेला असतो तिथंच माणूस चुका काढतं, हे तुमच्यासारख्या माणसाला कळायला हवं होतं. तुम्हीसुद्धा कामावरून आलात की आमटीत मीठ कमी म्हणून आईवर ओरडायचात आणि दोन वाट्या जास्त ओरपायचात.

मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. दुपारी तुमची भाकरी घेऊन यायचं काम माझ्याकडे. ती बाराची वेळ अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. आटपाडीकडून, जतकडून पहाटे निघालेल्या गाड्या आपल्या स्टँडवर लोकांना उतरवतात, आणि मिरजेची गाडी दोन-दोन तास येत नाही. मिरजेला जाणारे कोण, तर आजारी माणसं आणि त्यांची माणसं. दवाखान्याचे कागद पिशवीत, भाकरीचं गठुडं डोक्यावर. स्टँडवर पत्रा तापलेला, म्हणून ती बागेत येतात. बागेत सावली कुठली? अशोकाची सावली ती केवढी, वीतभर रुंद. त्या एका पट्ट्यात अख्खं कुटुंब एकामागं एक बसतं, पुढं आजा, मागं आजी, तिच्यामागं सून. ऊन सरकलं की सगळे उठून पुन्हा ओळीनं बसतात. मला आधी हसू यायचं. मग एक दिवस एक म्हातारा मेंढका आपल्या बायकोला घोंगडीत गुंडाळून घेऊन आला. तिला ताप होता, तिला बसवतही नव्हतं. त्यानं तिला हिरवळीवर आडवं केलं, आणि तुमची शिट्टी वाजली.

"ओ पावणं, उठा. हितं निजायचं न्हाई."

"मग कुटं निजवू हवालदार? सावली दावा की."

"झाडं हायती की एवढी. दिसत न्हाईत व्हय?"

"ही व्हय झाडं?" म्हातारा चिडला नाही, त्यानं नीट मान वर करून अशोकाकडं बघितलं. "आवं, ह्याखाली आमचं मेंढरू बी बसायचं न्हाई. त्येला बी कळतंय."

गडी हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही पुन्हा शिट्टी वाजवलीत, आणि म्हाताऱ्यानं बायकोला उचलून हत्तीच्या पोटाखाली नेलं. तिथं सिमेंट भट्टीगत तापलेलं. मी तुमच्या हातात भाकरी दिली आणि तुमच्याकडं न बघता गेले.

बागेच्या दाराशी नगरपालिकेनं एक सूचनापेटी टांगली होती आणि तिची किल्ली तुमच्याकडे होती. त्या दिवसापासून मी त्या पेटीत चिठ्ठ्या टाकायला लागले. खाली नाव नाही, "बागेची एक चाहती" एवढंच. मी लोकांना विचारत फिरायचे आणि लिहायचे. अशोक राहू द्या, पण पश्चिमेच्या अंगाला वड लावा, करंज लावा, आणि बुंध्याला कट्टे बांधा. घसरगुंडीचं तोंड उत्तरेला करा, दुपारी पोरांच्या मांड्या भाजतात. कारंज्याच्या पाण्याची एक तोटी दाराशी काढा, तहानलेल्या माणसाला पाणी उडताना बघून काय करायचंय? हत्तीचं पोट पोकळ आहे, त्याला दार पाडा, पोरं आत शिरून बसतील. बायकांसाठी दोन उंच झोके बांधा, पंचमी काय वर्षातून एकदाच येते आणि झोक्याची हौस काय एका दिवसात फिटते? अशा अकरा चिठ्ठ्या झाल्या. मी वाट बघत होते, की एक दिवस वडाची रोपं घेऊन गाडी येईल.

गाडी कसली येतेय! एका सकाळी मी अंघोळीचं पाणी तापवायला बंब पेटवत होते. चिपाडाबरोबर हाताला कागद लागला, उलगडला, तर माझंच अक्षर. घसरगुंडीचं तोंड उत्तरेला करा. मी तो कागद तसाच घेऊन तुमच्यापुढं उभी राहिले. तुम्ही दाढी करत होतात.

"तुमी वाचल्या ह्या?"

"वाचल्या. अक्षर वळखायला मला काय डोळं न्हाईत?"

"मग हापिसात का न्हाई दिल्या?"

तुम्ही वस्तरा पुसलात. "पोरी, ध्यानात धर. खालनं वर सूचना जात न्हाई. वरनं खाली हुकूम येतो. त्याच्यावर दुनिया चालती."

तुमची दुनिया चालत असेल. मी त्याच दुपारी चार फुलस्केप पानं भरून नगरपालिकेच्या साहेबांच्या नावे पोस्टात टाकली, आणि खाली माझं नाव लिहिलं, मधे तुमचंही. स्टँडवरच्या सतरा जणांच्या सह्या आणि अंगठे घेतले. आता वाटतं, तुमचं नाव मधे घालताना मी थोडा विचार करायला हवा होता. पण मुलीचं नाव बापाच्या नावाशिवाय लिहायची पद्धत नव्हती, त्याला मी काय करू?

साहेबांनी तुम्हाला बोलावलं. संध्याकाळी तुम्ही घरी आलात, चपला न काढता उंबऱ्यात उभे राहिलात. आई पाणी घेऊन आली, ते घेतलं नाही. त्या वर्षी तुम्ही कायम होणार होतात आणि कायम करण्याचा कागद त्याच साहेबांच्या टेबलावर होता, हे मला तेव्हा कळलं. "एवढी वर्सं सरहद्दीवर उभा ऱ्हायलो," तुम्ही म्हणालात, "समोरनं कवा गोळी लागली न्हाई. आज घरातनं लागली." तुमचा आवाज चढला नव्हता, म्हणून आई रडायला लागली. मग माझ्याकडं बघून म्हणालात, "उद्या जाऊन माफी मागायची. न्हाई तर ह्या घरात मला आबा म्हणायचं न्हाई."

आता ऐका. मी गेले. साहेब पान खात होते. मी म्हटलं, साहेब, मी माफी मागायला आलेली नाही, मी विचारायला आलेय की वड कधी लावणार. त्यांनी मला खालून वरपर्यंत बघितलं आणि शेजारच्या कारकुनाला म्हणाले, "मुलगी हुशार आहे. हवालदारांना म्हणावं, लवकर उजवून टाका." मी म्हटलं, माझं लग्न कवा करायचं हा नगरपालिकेचा विषय न्हाई. इतकी चिडले होते की घरची भाषा तोंडात आली. कारकून हसला, मग साहेबही हसले, आणि मी पायऱ्या उतरून आले. घरी तुम्ही विचारलंत, "मागितलीस?" मी म्हटलं, "मागितली." पुढच्या महिन्यात तुम्ही कायम झालात, आणि मरेपर्यंत सगळ्यांना सांगत राहिलात की पोरगी नमली म्हणून नोकरी वाचली. पोरगी नमली नव्हती, आबा. मला आबा म्हणायचं होतं, म्हणून खोटं बोलले, आणि त्याची लाज मला तेव्हाही वाटली नाही, आजही वाटत नाही.

सावलीचं तर काही झालं नाहीच. उलट वरनं हुकूम आला, की हिरवळीभोवती काटेरी तार ओढा म्हणजे कुणी बसणार नाही. तारेच्या खांबांसाठी बाभळीच्या वाळक्या मेढी ठरल्या. खड्डे काढून झाले आणि बेंदूर आला. बेंदराला तुम्ही दोन दिवस गावी जायचात, चुलत्यांचे बैल रंगवायला. तेवढे दोन दिवस मला मिळाले. पाणी घालणाऱ्या मावशीचा भाऊ रस्त्याकडेच्या वडाच्या फांद्या छाटून नेत होता. त्याच्याकडून मांडीएवढ्या जाड चार फांद्या घेतल्या. गड्यांना सांगितलं, पश्चिमेच्या कोपऱ्यात ह्या चार मेढी पुरायच्या, आबांनी सांगितलंय. ते शेतकऱ्यांचे पोरगे. पावसाळ्यात ओली वडाची मेढ पुरली तर तिचं काय होतं, हे त्यांना मी शिकवायला नको होतं. त्यातला थोरला फांदीकडं बघून म्हणाला, "आबांनी सांगितलंय व्हय? मग खोल पुरू या." चारही मेढी कमरेएवढ्या खोल गेल्या, वर तार ठोकली गेली.

तुम्ही आलात, बघितलंत, आणि सगळ्या मेढी सारख्या उंचीच्या आहेत म्हणून खूष झालात. महिन्याभरानं चौघींना तांबूस कोंब फुटले. साहेब फेरीला आले तेव्हा म्हणाले, "हवालदार, खांबाला पालवी कशी?" तुम्ही टाच जुळवून म्हणालात, "लाकूड ओलं निघालं, साहेब." हे मला मावशीनं सांगितलं. दर सोमवारी तुम्ही कोयता घेऊन खालचे कोंब छाटायचात. छाटलेत तेवढे वरचे जोमानं वाढले. चार-पाच वर्षांत तार खोडाच्या आत गेली, आणि वडांच्या मुळ्यांनी हिरवळ खाल्ली. तुमची ती लाडकी हिरवळ! मला वाईट वाटलं नाही. मी तेव्हा लग्न होऊन सांगलीला गेले होते, इथं परत राहायला आले ती पुष्कळ नंतर. माहेरी आले की स्टँडवर उतरून आधी बघायचे, तर मिरजेच्या गाडीची वाट बघत माणसं सावलीत आडवी झालेली असायची, आणि शिट्टी वाजत नसायची.

पण गावानं काय केलं? त्या झाडांना हवालदाराचे वड म्हणायला लागलं. अजून म्हणतं. परवा ती इंजिनियर मुलगीसुद्धा म्हणाली, "आजी, ते हवालदाराचे चार वड ठेवणार आहोत बरं का, ते आमच्या आराखड्यात आहेत." लोक सांगतात, हवालदारांनी दर आठवड्याला खालचे कोंब छाटून झाड सरळ वर नेलं, किती दूरदृष्टी! मी ऐकून घेत नाही. मी प्रत्येकाला सांगते, ते मारायला छाटत होते, वड माझे आहेत. तुम्ही का छाटत होतात हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत, आणि मी विचारलं नाही. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या माणसाला वडाची मेढ ओळखू येत नाही, यावर माझा विश्वास नाही. तरीही श्रेय मी तुम्हाला देणार नाही. ज्याला हो म्हणायचं होतं त्यानं तोंड उघडून म्हणायला हवं होतं.

काल ती मुलगी माझी पानं घ्यायला परत आली. बरोबर बागेचा जुना नकाशा होता. म्हणाली, आजी, त्या काळी कोण कुठं बसायचं ते यावर दाखवा, म्हणजे बाकं कुठं ठेवायची ते कळेल. मी पेन्सिल घेतली. पेशंटवाले इथं, कॉलेजची पोरं कारंज्याच्या कठड्यावर, भाजीवाल्या बाया मेंदीच्या कडेला, तो मेंढका आणि त्याची बायको हत्तीच्या पोटाखाली. मावशी नळापाशी. ते तीन गडी बाहेर चहाच्या गाड्यापाशी. सगळं दाखवलं. ती लिहून घेत होती. मग म्हणाली, "आणि बागेचे मुकादम? ते दिवसभर इथंच असतील ना? दुपारी जेवायला कुठं बसायचे?"

आबा, तीन वर्षं रोज दुपारी मी तुमच्या हातात भाकरी दिली. मला आठवत नाही. मी कधी बघितलंच नाही.